श्रद्धा की सत्कर्म? ख्रिश्चन आणि मुसलमान नेमकं काय मानतात

पारावरचा गप्पिष्ट (धागाकर्ता)

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की ख्रिश्चनांमध्ये येशूवर विश्वास ठेवला की विषय संपला, नंतर आयुष्यभर काय वाट्टेल ते करा, स्वर्गातली जागा पक्की. आणि मुसलमानांमध्ये बरोब्बर उलटं, तिथे तराजू, पुण्याचं पारडं जड तर जन्नत नाहीतर जहन्नम, एकदम व्यापारी हिशोब. शेवटी लिहिणाऱ्याचाच धर्म कसा सगळ्यात शहाणा तेही आहे, ते सोडून देऊ.

प्रकरण इतकं सरळ नसणार. इथे वसईचे, नगरचे, कोकणातले, सोलापूरचे लोक आहेत ज्यांच्या कानावर हे लहानपणापासून पडतं, त्यांनी लिहावं. दोन माणसं डोळ्यासमोर ठेवा. एक जण मनापासून श्रद्धाळू पण व्यवहाराला एक नंबर चालू. दुसरा कुणाचं वाईट करत नाही, अडल्यानडल्याला धावतो, पण श्रद्धेच्या नावाने बोंब. या दोघांचं काय होतं? राजकारण आणू नका ही हात जोडून विनंती.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. संपादक मंडळाला आगाऊ शुभेच्छा.

नगरी नग

आम्ही प्रॉटेस्टंट, तेव्हा "फक्त विश्वासाने" हे वाक्य आमच्याच खात्यावर आहे, म्हणून पहिला नंबर माझा. लोक काय करतात, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं-नववं वचन वाचतात आणि पुस्तक मिटतात. तिथे प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेने होतं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्माने मिळालेलं नाही, का तर कुणी फुशारकी मारू नये. अहो पण दहावं वचन पण वाचा ना राव, तिथे लगेच म्हटलंय की आपल्याला घडवलंय तेच सत्कर्मं करायला. म्हणजे सत्कर्म केलं म्हणून तारण मिळत नाही, तारण मिळालं म्हणून सत्कर्म होतं. सगळा वाद त्या क्रमाचा आहे.

ज्याच्यापासून आमचा प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला तो ल्यूथर कशावर भडकला होता तेही बघा. १५१७ च्या सुमारास योहान टेट्झेल नावाचा साधू जर्मनीत गावोगाव फिरून दंडमाफीची पत्रं खपवत होता आणि त्यातला वाटा रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामाला जायचा. पैसे टाका आणि मेलेल्या बापाची परलोकातली शिक्षा कमी करून घ्या. त्या बाजारात उभं राहून तो म्हणाला की ही कमवायची गोष्टच नाही. आणि तोच ल्यूथर रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहितो की विश्वास ही जिवंत, धडपडी गोष्ट आहे, चांगलं केल्याशिवाय ती राहूच शकत नाही, चांगलं करायचं का म्हणून विचारतही बसत नाही, विचारायच्या आत करून मोकळी झालेली असते.

"काय वाट्टेल ते करा" वाल्यांना तर आमच्याच लोकांनी झोडपलंय. डिट्रिश बॉनहोफर, जर्मन ल्यूथरन पाळक, त्याने १९३७ मध्ये "स्वस्त कृपा" असा शब्द वापरून स्वतःच्याच चर्चची हजेरी घेतली, पश्चात्ताप न करता क्षमा पाहिजे, ख्रिस्ताच्या मागे न जाता कृपा पाहिजे, असली कृपा चर्चची वैरी आहे म्हणाला. हिटलरच्या विरोधात गेला आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये फासावर चढला. त्यामुळे धागाकर्त्याच्या पहिल्या माणसाबद्दल आमचे पाळकसाहेब एवढंच म्हणतील की त्याचा विश्वास आहे असं *तो* म्हणतो.

कुपारी पोर

नगरकर छान लिहिलंत, पण ल्यूथरचा एक उद्योग सोयीस्कर विसरलात :) त्याने रोमकरांस पत्र ३:२८ चं जर्मन करताना "विश्वासाने" च्या पुढे "फक्त" हा शब्द पदरचा घातला. आणि अख्ख्या बायबलात "फक्त विश्वासाने" हे शब्द जिथे खरोखर एकत्र येतात ते याकोबाच्या पत्रात, २:२४, आणि तिथे वाक्य आहे की माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, फक्त विश्वासाने *नाही*. याकोब विचारतो, एखादा भाऊ उघडा आहे, उपाशी आहे आणि तुम्ही म्हणता जा बाबा सुखाने, ऊब घे, पोटभर खा, आणि देत काहीच नाही, काय उपयोग? ल्यूथरला हे पत्र इतकं अडचणीचं झालं की १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हटलं, पुढे ते वाक्य गाळलं म्हणा.

आता आमचं कॅथलिकांचं. लोकांना वाटतं कॅथलिक म्हणजे मेणबत्त्या, नोव्हेना, माऊंट मेरीचा नवस, म्हणजे कर्माने तारण. पण ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये या विषयावर जे ठरवलं त्यातला पहिलाच नियम असा की ख्रिस्ताच्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. पहिलाच नियम! मग भांडण कुठे, तर तुम्ही म्हणता देव निकाल देतो की हा निर्दोष, आम्ही म्हणतो देव नुसता निकाल देऊन थांबत नाही, माणसाला आतून बदलायला घेतो, आणि त्यात माणसाने साथ द्यायची असते, जाणूनबुजून मोठं पाप केलं तर ती कृपा हातची जातेही, म्हणून कन्फेशन, म्हणून प्रायश्चित्त. तुमचा पहिला माणूस आमच्याकडे जास्त धोक्यात आहे.

आणि जाता जाता, ४५० वर्षं एकमेकांना शाप देऊन झाल्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, केवळ कृपेने देव स्वीकारतो आणि तोच सत्कर्मासाठी बळ देतो. मेथॉडिस्ट २००६ मध्ये सामील झाले. आमच्या देवळात अजून निम्म्या लोकांना याचा पत्ता नाही.

नगरी नग

आमच्याकडे तर पाऊण लोकांना नाही. चालू द्या.

खाडीकिनारा

कोकणी मुसलमान, दापोली बाजूचा, आता मुंबईत. फॉरवर्डच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल.

तराजू आहे, खोटं नाही. मीज़ान. कणभर नेकी करील तो ती बघेल, कणभर बदी करील तो ती बघेल, हे कुरआनच्या ९९ व्या सूरहच्या (अध्यायाच्या) शेवटी आहे आणि आम्हाला लहानपणीच पाठ असतं. पण याला व्यापारी हिशोब म्हणणाऱ्याने एवढं सांगावं की असा व्यापारी कुठल्या पेठेत बसतो जो चांगल्याचे दहापट लिहितो आणि वाईटाचं एकास एक? सहाव्या सूरहत तसंच आहे. आणि सहीह बुखारी नि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, हुजूर म्हणजे पैगंबर म्हणाले तुमच्यापैकी कुणालाही त्याचे अमल (कर्मं) जन्नतमध्ये नेणार नाहीत. लोकांनी विचारलं, तुम्हालाही नाही? म्हणाले मलाही नाही, अल्लाहने आपल्या रहमतमध्ये झाकून घेतलं तरच. आता सांगा, कुठे राहिला तुमचा कर्माचा धर्म.

कुरआनात "ज्यांनी ईमान (श्रद्धा) आणलं आणि सत्कर्मं केली" हे जोडीनेच येतं, पन्नासाहून जास्त वेळा असेल. वल-अस्र ही सूरह केवढी, ३ आयती, त्यात सगळं आलं, माणूस तोट्यात आहे, फक्त ईमान असलेले, सत्कर्म करणारे आणि एकमेकांना सत्याची नि सबुरीची आठवण देणारे सोडून.

त्या पहिल्या माणसासाठी आमच्याकडे मुफलिसची हदीस आहे, सहीह मुस्लिममध्ये. हुजूरांनी विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले ज्याच्याकडे पैसा नाही, सामान नाही तो. म्हणाले नाही, माझ्या उम्मतमधला (अनुयायांमधला) दिवाळखोर तो, जो कयामतला, न्यायाच्या दिवशी, नमाज, रोजे, ज़कात सगळं घेऊन येईल पण याला शिवी दिलेली, त्याचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील, त्या संपल्या की त्यांचे गुनाह याच्या डोक्यावर, आणि मग आगीत. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, माणसाचा हक्क माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही. शेजाऱ्याचा बांध कोरलास आणि हजला जाऊन आलास तर हाजी झालास, बांध अजून त्याचाच आहे, आधी तो सोड.

चष्मेबहाद्दर

सगळं वाचलं. सारांश, तिघांचंही उत्तर शेवटी "वरच्याची मर्जी". कर्माने मिळत नाही पण कर्म केलंच पाहिजे, आणि कर्म करूनही मिळेल याची गॅरंटी नाही. आमच्या एचआरचं अप्रेझल धोरण याच मंडळींनी लिहिलंय का?

आणि दुसऱ्या माणसाबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी तो दुसरा माणूस आहे असं समजा. रक्तदान करतो, लाच देत नाही, देव मानत नाही. माझं काय ते सांगा, पहिल्या चोराचं पुरे.

शुक्रतारा

चष्मेबहाद्दर, तुमच्यावर येते, त्याआधी खाडीकिनारांच्या लिखाणाला थोडी पुस्ती जोडते. "मुसलमान काय मानतात" याला एक उत्तर नाहीये, आणि यावर सुरुवातीच्याच काळात रक्त सांडलंय.

६५७ मध्ये मुसलमानांतल्याच सिफ्फीनच्या लढाईनंतर खारिजी नावाचा गट वेगळा झाला. त्यांचं म्हणणं, मोठा गुनाह केला की माणूस ईमानाबाहेर, मुसलमानच नाही. याच लोकांपैकी एकाने ६६१ मध्ये चौथे खलिफा हजरत अलींना शहीद केलं. याला उतारा म्हणून दुसरं टोक उभं राहिलं, मुर्जिया, ते म्हणाले निकाल अल्लाहवर सोडा, आणि त्यांच्यातले जहाल तर असंही म्हणायला लागले की ईमान असलं की गुनाहने काही बिघडत नाही. म्हणजे धागाकर्त्याच्या मेसेजमधला "विश्वास ठेवा आणि काय वाट्टेल ते करा" हा प्रकार शोधायचाच तर इराकमधल्या बसरा-कूफ्याकडेही सापडतो, त्यासाठी जर्मनीत जायला नको. मोअतज़िला हा तिसरा गट मधे पडला, म्हणाला असा माणूस ना मोमिन (श्रद्धावान) ना काफिर, अधल्या मुक्कामावर.

मग इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७). त्यांच्या मते ईमान म्हणजे मनाने खरं मानणं आणि तोंडाने कबूल करणं. अमल हवेतच, पण ते ईमानाचा भाग नाहीत, म्हणून गुनाहगार मुसलमान हा मुसलमानच, आणि ईमान कमीजास्त होत नाही. त्याच वर्षी जन्मलेले इमाम शाफई मात्र म्हणतात असं सांगितलं जातं की ईमान म्हणजे बोलणं आणि करणं दोन्ही, आणि ते वाढतं, घटतं. आता गंमत बघा, आम्ही सोलापूरचे हनफी आणि खाडीकिनारा कोकणातले म्हणजे शाफई. घाट उतरला की इमाम बदलतो.

खाडीकिनारा

बरोबर आहे ताई. आमच्या आजीचं ईमान रमजानमध्ये वाढायचं आणि माझं आयपीएलमध्ये घटतं, शाफई तो शाफईच.

धोंडोपंत

आमचे दोन शब्द. हा वाद आपल्याकडे रामानुजांच्या परंपरेत झालेला आहे, मर्कट न्याय आणि मार्जार न्याय. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजरीच्या पिल्लाला आईच मानेला धरून उचलते, पिल्लू काही करत नाही. दक्षिणेत वडकलै पहिल्या बाजूचे आणि तेंकलै दुसऱ्या. तेव्हा मला वाटतं ख्रिस्ती लोक मार्जार, मुसलमान मर्कट, इतकं सोपं आहे, उगाच पानं भरताय.

नगरी नग

पंत, उदाहरण झकास पण वाटणी गडबडली. आमच्यातच दोन्ही पिल्लं आहेत, वर वाचा. पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की माणूस स्वतःच्या इच्छेने चांगलं वागू शकतो आणि ऑगस्टिन म्हणत होता की तुझी ती इच्छाच मुळात आजारी आहे, तिलाच आधी बरं करायला पाहिजे. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या शिकवणीला दोषी ठरवलं. आणि खाडीकिनारांनी दिलेली हदीस, मलाही माझे अमल नेणार नाहीत, ती मांजरीचीच की.

मला विचाराल तर श्रद्धा विरुद्ध कर्म हा आमच्यातला आणि मुसलमानांमधला खरा फरकच नाही. तो फरक दोघांच्या *घरात* आहे. आमच्या दोघांमधला फरक क्रूसाचा आहे. आम्ही म्हणतो आदामापासून माणसाच्या मुळातच बिघाड आहे, तो स्वतःहून दुरुस्त होत नाही, देवाचं देणं माणसाला फेडता येत नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी ते फेडलं. श्रद्धा म्हणजे त्या फेडण्यावर भरवसा. नुसतं "देव आहे" हे मानणं नव्हे, याकोब म्हणतो तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

खाडीकिनारा

हे नेमकं बोललात. आणि इथेच आमचा नकार आहे. कुरआनात एकदा नाही, चार-पाच ठिकाणी आहे की ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. आदमने चूक केली, अल्लाहने त्याला माफीचे शब्द शिकवले, त्याने तौबा केली, अल्लाहने कबूल केली, दुसऱ्या सूरहत आहे, प्रकरण तिथेच मिटलं. मूल जन्मतं ते फितरतवर, म्हणजे मूळ स्वभावावर, स्वच्छ. बिघाड मुळातच नाही तर दुसऱ्याने येऊन मरायची गरज काय? शिवाय ईसा अलैहिस्सलाम क्रूसावर मेलेच नाहीत असं आमचं म्हणणं, चौथी सूरह. म्हणजे तुम्ही ज्यावर सगळा भरवसा टाकता ती घटनाच आम्हाला मान्य नाही. त्यामुळे कृपा दोन्हीकडे आहे पण ती कुठल्या वाटेने येते यावर तोडगा निघणार नाही, आणि काढायची घाईही नाही.

कुपारी पोर

एक शंका, शफाअतचं काय मग? पैगंबर कयामतला रदबदली करणार ना?

खाडीकिनारा

करणार, पण अल्लाहच्या परवानगीने, आणि ती विनंती असते. ओझं स्वतःच्या डोक्यावर घेणं वेगळं.

कुपारी पोर

समजलं. आता माझा आवडता उतारा, मत्तय २५. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, या, मी भुकेला होतो तुम्ही खायला दिलं, तहानेला होतो पाणी दिलं, परका होतो घरात घेतलं, आजारी होतो समाचाराला आलात, तुरुंगात होतो भेटायला आलात. ते गोंधळतात, आम्ही कधी तुला असं पाहिलं? तो म्हणतो या माझ्या लहानातल्या लहान भावाला केलंत ते मलाच केलंत. यात तुझा विश्वास काय होता हा प्रश्न एकदाही येत नाही हो. आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी घरोघर जाऊन गरजूंना मदत करतात, गाजावाजा नाही काही नाही, त्यांना विचारलं तर हाच उतारा सांगतील. नगरकर, तुमच्या पाळकांना या उताऱ्यावर प्रवचन करताना घाम फुटत असणार.

शुक्रतारा

कुपारी पोर, मग हे वाचा. सहीह मुस्लिममध्ये हदीसे कुदसी आहे, म्हणजे पैगंबरांच्या तोंडून अल्लाहचं बोलणं. कयामतच्या दिवशी अल्लाह म्हणेल, आदमच्या लेकरा, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. तो म्हणेल, या रब, तू तर साऱ्या जगाचा पालनहार, तुला मी कसा भेटायला येणार? अल्लाह म्हणेल, माझा अमुक बंदा आजारी होता, तुला माहीत नव्हतं? गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो. मग तसंच, मी खायला मागितलं, तू दिलं नाहीस. मी पाणी मागितलं, तू पाजलं नाहीस.

कुपारी पोर

अंगावर काटा आला. हे मला माहीतच नव्हतं.

नगरी नग

घाम फुटतो, खरंय :) पण आमचं उत्तर असं की उजवीकडच्यांना आपण पुण्य केल्याचं आठवतसुद्धा नाही, ते हिशोब मांडून करत नव्हते, हेच कृपेने बदललेल्या माणसाचं लक्षण. पटलं तर घ्या.

आणि ताईंच्या हदीसमधला फरकही बघण्यासारखा आहे, तिथे अल्लाह आजाऱ्याच्या *जवळ* सापडतो, आमच्याकडे राजा स्वतःच तो आजारी आहे म्हणतो. देव माणूस झाला असं मानणाऱ्यांची भाषा आणि न मानणाऱ्यांची भाषा.

भोचक भवानी

इतका वेळ गप्प होते. जर्मनी झालं, बसरा झालं, केडगाव कुणालाच आठवलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन सिस्टर्सकडे राहत होत्या, १८८३ मध्ये तिथेच बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांना लंडनमध्ये फुलहमच्या आश्रमात नेलं होतं, जिथे समाजाने "पतित" ठरवून टाकलेल्या बायकांना या सिस्टर्स मायेने सांभाळत. हे पाहून त्या हलल्या. त्यांना प्रश्न पडला की हे करावंसं या बायकांना वाटतं कशाने, तेव्हा एका सिस्टरने शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे कर्म आधी दिसलं, त्यातून श्रद्धेकडे वाट निघाली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं मला ख्रिस्ती *धर्म* सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोपर्यंत शारदा सदन सुरू झालेलं, विधवा मुली शिकतायत, जगभर नाव, सत्कर्मांचा डोंगर, आणि बाईंना मात्र वाटतंय की आपल्याकडे काहीतरी नाही! आणि जे मिळालं असं त्या म्हणतात ते मिळाल्यावर काम थांबलं का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, मग केडगावचं मुक्ती सदन. याकोब आणि पौल एकाच बाईच्या चरित्रात पाहायचे असतील तर इथे पाहा.

धोंडोपंत

त्याच शारदा सदनावर १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून केसरीने टीका केली होती आणि सल्लागार मंडळातल्या सुधारकांनी राजीनामे दिले होते, तेही लिहा. सत्कर्माआडून श्रद्धा विकायची ही जुनी रीत आहे.

भोचक भवानी

लिहिलंत ना तुम्ही, झालं. राजीनामे दिले हे खरं आहे. त्या मुलींना त्याआधी कोण सांभाळत होतं हेही खरं आहे, त्याचं उत्तर मात्र राजीनामा देणाऱ्यांकडे नव्हतं.

संपादक

या मुद्द्यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतरावर वेगळा धागा काढा, तो लगेच बंद करता येईल.

पारावरचा गप्पिष्ट (धागाकर्ता)

जबरदस्त चाललंय. एक उपप्रश्न. आपण वाचणार की नाही हे माणसाला जिवंतपणी कळू शकतं का?

नगरी नग

आमच्याकडे बरेच जण छातीठोक "माझं तारण झालंय" म्हणतात, तारीख वारासकट सांगतात. ते गर्वाने नाही म्हणत, कारण भरवसा स्वतःवर नसतोच. बाहेरच्याला गर्व वाटतो ते मान्य.

कुपारी पोर

आमच्या ट्रेंटच्या लोकांनी त्याला पोकळ भरवसा म्हटलं होतं. आम्ही आशा धरतो, खात्री नाही. म्हणून तर २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावून मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, नाहीतर कशाला केली असती.

शुक्रतारा

आमच्यात यावर चक्क वाद झालाय की "मी मोमिन आहे, इन्शाअल्लाह" असं म्हणावं की नाही. शाफई म्हणाले म्हणावं, आपला शेवट कसा होईल कुणाला ठाऊक. हनफी म्हणाले अजिबात नाही, ईमानात शंका कसली, आहे तर आहे म्हणा. पण जन्नतची खात्री दोघांनाही नाही, ज्यांना हुजूरांनी स्वतः खुशखबर दिली ते वगळता. भीती आणि आशा दोन्ही धरून चालायचं. आता कणभर ईमान मनात असलेलाही शेवटी जहन्नममधून बाहेर काढला जाईल अशी हदीस आहे, म्हणून आशेचं पारडं थोडं जड असतं इतकंच.

चष्मेबहाद्दर

माझी फाईल अजून टेबलावरच आहे.

शुक्रतारा

घेतली. गोड बोलत नाही, जे आहे ते सांगते. सहीह मुस्लिममध्ये हजरत आयेशांनी इब्न जुदआनबद्दल विचारलं आहे. इस्लामपूर्व मक्केतला माणूस, नातेवाइकांना धरून राहायचा, गरिबांना जेवू घालायचा, त्याला याचा उपयोग होईल का? उत्तर मिळालं, नाही, कारण "रब, न्यायाच्या दिवशी माझे गुनाह माफ कर" असं तो एक दिवसही म्हणाला नाही. बहुसंख्य उलेमांचं मत यावरच आहे, श्रद्धा नसलेल्याच्या चांगल्या कामाचं फळ त्याला याच दुनियेत मिळतं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या वेश्येला माफी मिळाल्याची हदीस सगळे सांगतात, ही फारसं कुणी सांगत नाही.

नगरी नग

आमच्याकडेही कडक मंडळी हेच म्हणतात, येशू म्हणतो माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही, योहान १४:६. त्यांना तुमच्या रक्तदानाचं कौतुक वाटेल पण उत्तर बदलणार नाही.

कुपारी पोर

आमचं थोडं सैल झालंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, विवेकाला धरून वागतात त्यांचंही तारण होऊ शकतं, आणि पुढे जाऊन, दोष नसताना देवाची स्पष्ट ओळखच ज्यांना झालेली नाही पण जे चांगलं जगायला धडपडतात त्यांनाही देव आवश्यक ती मदत नाकारत नाही. मुसलमानांचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे, अब्राहामाचा विश्वास धरणारे आणि आमच्यासोबत एकाच दयाळू देवाला भजणारे म्हणून.

खाडीकिनारा

हे इमाम गझाली (मृत्यू ११११) साडेआठशे वर्षं आधी म्हणून गेलेत. त्यांनी गैरमुस्लिमांचे तीन गट केले, ज्यांच्या कानावर हुजूरांचं नावच गेलं नाही ते, ज्यांनी नीट समजून घेऊन नाकारलं ते, आणि ज्यांनी फक्त उलटसुलट, खोटं ऐकलं ते. पहिला आणि तिसरा गट माफ होईल असं म्हणाले, आणि त्यात लांबचे तुर्क आणि रूमचे (बायझंटाइन) ख्रिश्चन धरले.

चष्मेबहाद्दर

मग मी दोन्हीकडे "दोष नसताना" मध्ये बसतो. धन्यवाद, फाईल बंद.

खाडीकिनारा

कसले बसता? एवढा धागा वाचलात, सगळ्यांनी मूळ संदर्भासकट सांगितलं. दुसऱ्या गटात नेऊन टाकलं आम्ही तुम्हाला.

शुक्रतारा

थोडी जागा आहे अजून. गझाली पुढे असंही म्हणतात की ऐकून ज्याच्या मनात शोध घ्यायची ओढ जागी झाली, त्याने कसूर न करता शोध घेतला आणि तो पुरा व्हायच्या आतच तो गेला, तर त्यालाही माफी आहे. तुम्ही शोधताय की नुसते प्रतिसाद टंकताय ते तुमचं तुम्हाला माहीत.